पडद्यावर न येणारं टिंब

सोमवार, १२ डिसेंबर १९८८. दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं. ठिकाण पांढुर्णा, माझं राहतं घर, समोरची खोली. ठरलेलं मानधन सहाशे रुपये. हजर माणसं चार — मी, माझी बायको सुनंदा, सौंसरला दिलेली माझी मोठी बहीण (तिला सगळे ताईच म्हणतात) आणि ताईची मुलगी विद्या.

हे सगळं आधीच लिहून टाकलं, कारण या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी कित्येक वर्षं वाचतो आणि दर वेळी सुनंदाला म्हणतो, अगं, याला तारीख नाही, वेळ नाही, साक्षीदार नाही, विश्वास ठेवायचा कशावर? मी शाळेत गणित शिकवतो. जामसांवलीला हनुमानाचं दर्शन घेतो, पण भूतबाधेच्या गप्पा निघाल्या की चप्पल घालून घरी येतो. आजही येतो. तरी माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात एक नोंद आहे, जिचं उत्तर मला सापडलेलं नाही…

विद्या नागपूरच्या एका लहान कंपनीत होती. त्या कंपनीने एक ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली होती. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून तो बंद करेपर्यंत त्याला चालवणारा आणि आपल्याशी बोलणारा मूळ प्रोग्राम. बाकीच्या सिस्टिम इंग्रजीत बोलतात, ही मराठीत बोलणार होती. बाजारात येण्याआधी ती दहा दिवस अशा माणसांकडून वापरून घ्यायची होती, ज्यांनी कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. विद्याने आमचं घर सुचवलं. जीपमधून मशीन आलं आणि सुनंदाच्या शिवणयंत्राचं टेबल रिकामं करून त्यावर बसलं. जी सिस्टिम नागपुरातही कंपनीबाहेर कोणी पाहिली नव्हती, ती पांढुर्ण्यात माझ्या घरी चालून राहिली होती. छाती फुगली होती, हे कबूल करतो. दहा दिवसांची रजा टाकली.

माझ्यासाठी ही हौस होती, विद्यासाठी नव्हती. पडद्यावर येणारी चौसष्टच्या चौसष्ट मराठी वाक्यं तिने लिहिली होती. कंपनीच्या साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, की चाचणीची वही चारचौघांत दाखवण्यासारखी आली तर मराठी सिस्टिम पुढे जाईल; नाही तर ते काम बंद, आणि त्याबरोबर तिची जागाही.

वही ठेवायचं काम माझ्याकडे होतं. किती वाजता काय टाइप केलं आणि पडद्यावर काय आलं, हे शब्दाला शब्द लिहायचं. चौसष्ट वाक्यांची यादी मला दिलेली होती. ती सगळी वाक्यं आदराची होती — ‘फाइल उघडा’, ‘पुन्हा लिहा’ अशी. आणि एक उणीव सगळ्यांना माहीत होती. या सिस्टिमला अक्षरावरचं टिंब देता येत नव्हतं. ‘थांबा’ हा शब्द पडद्यावर ‘थाबा’ असा यायचा. सुनंदा म्हणायची, “अहो, तुमचा कॉम्प्युटर बोबडा आहे.” टिंब पुढच्या आवृत्तीत बसवणार होते.

चाचणीसाठी खरी माहिती हवी, म्हणून मी बोरगाव आणि रामाकोना इथल्या तीनशे शेतकऱ्यांची यादी केली होती. नाव आणि त्यापुढे संत्र्याच्या झाडांची संख्या. सुनंदाने एका बोटाने तीनशे नावं टाइप केली, चार दिवस लागले. त्या सोमवारी यादी साठवून, पुन्हा उघडून, मशीनकडून बेरीज करून घ्यायची होती. मी हाताने केलेली बेरीज होती एकेचाळीस हजार दोनशे शहाऐंशी.

मशीनने उत्तर दिलं, एकेचाळीस हजार दोनशे शहाऐंशी.

विद्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. खुर्चीवर तीच बसली होती. तिने कीबोर्ड बाजूला सारला आणि चाचणीच्या कागदावर ‘बरोबर’ असं लिहायला वाकली. सुनंदा आणि ताई दिवाणावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी वही घेऊन विद्याच्या मागे उभा होतो. कीबोर्डवर कोणाचाही हात नव्हता. पडदा एकदा कोरा झाला आणि मधोमध एक ओळ आली —

काय करून राहिली वं. परत मोज.

मी ती जशीच्या तशी उतरवली. नोंद क्रमांक २१३. (‘वं’ म्हणजे आमच्याकडचं ‘गं’, बाईलाच म्हणतात.) साधारण वीस सेकंद ती दिसत होती, मग पहिली बेरीज परत आली. ताईने सुपातल्या शेंगा बाजूला ठेवल्या आणि डोक्यावर पदर घेतला. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, घरात आले की ती असाच घ्यायची… भाऊजींना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

एकाचं ऐकून दुसरा तेच सांगतो, हे मला वर्गात रोज दिसतं. म्हणून कोणाला तोंड उघडू न देता मी चार चिठ्ठ्या फाडल्या आणि प्रत्येकाला वाचलं ते वेगळं लिहायला लावलं. तीन चिठ्ठ्यांत संपूर्ण ओळ होती, ‘वं’वरच्या टिंबासकट. ताईच्या चिठ्ठीत फक्त ‘परत मोज’ होतं.

विद्या म्हणाली, हे तिचं वाक्य नाही, यादीत नाही, आणि मशीनला काय माहीत की खुर्चीवर बाई बसली आहे? मी म्हटलं, ते मागून पाहू, आधी सांगितलंय ते करू. पुन्हा बेरीज केली. तीच आली. तिसऱ्यांदा केली. तीच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बेरीज कर असं कोणी म्हटलेलंच नाही… मोज म्हटलंय. मग आम्ही बेरीज सोडली आणि पडद्यावर बोट ठेवून नावं मोजली. दोनशे नव्व्याण्णव भरली.

गेलेलं नाव बोरगावच्या एका शेतकऱ्याचं निघालं. त्यांची झाडं रोगाने गेली, सगळी तोडून त्यांनी कापूस लावला होता. यादी पुरी असावी म्हणून मी त्यांचंही नाव घेतलं होतं आणि पुढे शून्य लिहिलं होतं. दुसऱ्या एका नावापुढे शून्य लिहून पाहिलं. साठवलं, उघडलं, तेही नाव गेलं. ज्याच्यापुढे शून्य, त्याचं नावच सिस्टिम पुसून टाकत होती. शून्य गेल्याने बेरजेत काय फरक पडणार? म्हणून बेरीज गप्प होती. ही सिस्टिम उद्या एखाद्या कचेरीत बसली असती आणि मदतीची यादी तिच्यात गेली असती, तर ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचंच नाव पहिलं गेलं असतं.

दहाव्या दिवशी साहेब स्वतः पांढुर्ण्याला आले. चहा घेत त्यांनी पहिल्या पानापासून वही वाचली. अशी वही आमच्या कंपनीतही कोणी ठेवत नाही, असं म्हणाले. मग त्यांचं बोट २१३ वर थांबलं.

“गुरुजी, हे काय?”

“दिसलं ते.”

“आमच्या मशीनला टिंब येतच नाही. हे कुठे तरी ऐकलेलं तुम्ही लिहिलं. एवढी एक ओळ खोडा, बाकी वही मी जशीच्या तशी घेतो. ही ओळ राहिली तर ही वही मी कोणापुढे ठेवू? लोक हसतील.”

म्हणजे विद्याचं काम बंद. एक रेघ मारायची होती, कोणाचं नुकसान नव्हतं. मी पेन उघडलं, हेही लिहायलाच पाहिजे. पण एक पाहिलेली नोंद खोडली, तर उरलेल्या नोंदी मी पाहूनच लिहिल्या असं कोणत्या तोंडाने सांगू? मी विद्याकडे पाहिलं. जागा तिची जाणार होती.

ती उठली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि २१३ च्या समोर आपली पूर्ण सही केली.

“खोडू नका, मामा,” ती म्हणाली. “मीपण पाहिलं ना.”

बावीस वर्षं शिकवतो आहे. वर्गात पहिली आलेली पोरं पाहिली, इंजिनिअर झालेली पाहिली. त्या सहीइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही.

साहेबांनी कीबोर्ड ओढून स्वतःचं नाव टाइप केलं, पुढे शून्य घातलं, साठवलं आणि यादी उघडली. तीनदा उघडली. आपलं नाव शोधणारा माणूस कसा दिसतो ते आम्ही चौघं पाहून राहिलो होतो. शेवटी ते म्हणाले, हे असंच बाजारात गेलं असतं तर आम्हीच बुडालो असतो. वही २१३ सकट घेतली. मराठी सिस्टिम पुढे गेली आणि विद्या आज त्याच कंपनीत आहे. पुढे साहेबांचं मला पत्र आलं. त्यांनी सगळा प्रोग्राम अक्षर न् अक्षर तपासून घेतला होता. असं वाक्य त्यात कुठेही नव्हतं. टिंब त्यांना त्यानंतर तीन महिन्यांनी जमलं. मग त्या सोमवारी ते ‘वं’वर कसं आलं, मशीनला ‘राहिली’ म्हणायचं कसं कळलं, आणि आमच्यापैकी कोणालाच न सुचलेली चूक त्याला कशी ठाऊक होती, हे त्या पत्रातही नव्हतं.

राहिले त्या दिवशीचे पैसे. माझे सहाशे मी सही करून घेतले. त्याखेरीज दोष शोधणाऱ्याला शंभर रुपये द्यायचा कंपनीचा नियम होता. विद्या नोकर, तिला ते चालत नव्हते. मला देऊ लागले, तेव्हा मी म्हटलं, दोष मी शोधलेला नाही, माझी तर बेरीज जुळली होती. साहेब हसून म्हणाले, मग व्हाउचर कोणाच्या नावाने फाडू?

दिवाणावर बसलेली ताई म्हणाली, “ज्यायनं दाखवलं त्यायचे पैसे मले द्या. वारस मी आहो.”

मी तिला बाजूला घेऊन समजावलं, की ‘वं’ काय एकटे भाऊजीच म्हणत होते? सौंसरच्या घराघरात म्हणतात. हा पुरावा होत नाही.

“पुरावा तुले लागते,” ती म्हणाली. “मले कायले?”

शंभर रुपये ताईला मिळाले. कोणातर्फे घेतले, त्या जागी तिने भाऊजींचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. तीस वर्षांच्या संसारात ते नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. पैसे दिल्याची साक्ष मी दिली. त्या नावाची मला देता आली नाही.