डोळ्यातली तांब्याची कड

“हिच्या डोळ्यांत तांबं साठलंय,” सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी मला स्क्रीनवर दाखवलं. प्राजक्ताच्या बुबुळाभोवती सोनेरी-तपकिरी कड होती. तिला के. एफ. रिंग म्हणतात. शरीरातलं जास्तीचं तांबं तिथे जमून ती तयार होते. दिसायला सुरेख होती, आणि मला ती बघून शिसारी आली.

आजाराचं नाव विल्सन डिसीज. माझी थोरली तेव्हा पंधरा वर्षांची होती. त्याआधीचे सात महिने आम्ही घरात काय काय करून बसलो ते सांगते. तुमच्यापैकी एकीने जरी तसं केलं नाही तरी हे लिहिण्याचं सार्थक झालं.

सुरुवात अक्षरापासून झाली. मी मलकापुरात शाळेत विज्ञान शिकवते आणि घाणेरडं अक्षर मला खपत नाही. प्राजक्ताच्या ओळी तिरक्या पडायला लागल्या, तेव्हा मी तिला दोनदा मारलं. मग ती बोलताना शब्द गिळायला लागली. तोंडातून लाळ गळायची, उशीचा अभ्रा रोज ओला असायचा. मला त्याची किळस यायची. स्वतःच्या लेकीची. लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

पुढे डोळे पिवळे झाले. माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. मी मामाची मुलगी, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे आत्याच्या मुलाला दिलेली. “फलटनच्या अंगाला एक मानूस नाकात थेंब घालतोय, लय गुन येतोय,” आत्या म्हणाल्या आणि आम्ही गेलो. त्याने मळकट बाटलीतून कसलासा रस पोरीच्या नाकात पिळला. नाकातोंडातून पिवळं पाणी वाहिलं, तशी माणसं पुढे सरकून ते कौतुकाने बघायला लागली. “निघाली बघा कावीळ,” तो म्हणाला. तो रस कुणाच्याही नाकात घातला तरी तसंच पाणी येईल. हे वर्गात चाळीस पोरांना सांगू शकणारी मी, तिथे हात जोडून उभी होते.

घरी आणखी वेगळंच. माझे यजमान फौजेतून रिटायर झालेले. लिव्हर वीक आहे तर लिव्हरच खायला घालू, असा त्यांचा हिशेब. दर रविवारी कलेजी यायची. आत्या रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं पाणी तिला अनशापोटी पाजायच्या. मी ताटात शेंगदाण्याची चटणी वाढायची. आम्ही तिघंही तिच्यासाठी झटत होतो.

सांगलीहून आम्हाला लिव्हरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी आम्ही तिला काय काय खायला घालतो त्याची यादी ऐकली आणि पेन खाली ठेवलं. “कलेजीत तांबं, शेंगदाण्यात तांबं, पाण्यात तांबं,” ते म्हणाले. “यामुळे आजार झाला नाही, तो जन्मापासून आहे. पण तुम्ही आगीत तेल ओतत होता.”

मग त्यांनी समजावलं, ते जसं कळलं तसं सांगते. लिव्हरच्या प्रत्येक पेशीला भिंत असते आणि भिंतीत बारीक दारं असतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, त्यातून ये-जा करतात. नुसत्या उघडमीट करणाऱ्या दारांना आयन चॅनेल म्हणतात. ती बिघडली की पित्त अडतं, पेशी सुजतात. काही कण मात्र जोर लावून बाहेर काढावे लागतात, तिथे पंप असतो. जास्तीचं तांबं पित्तात ढकलणारा पंप प्राजक्ताच्या पेशींत जन्मतः बिघडलेला. तांबं आधी लिव्हरमध्ये साठलं, मग रक्तातून मेंदूत आणि डोळ्यांत गेलं. अक्षर बिघडलं ते त्याने.

तपासण्यांपैकी सेरुलोप्लाझमिन रक्तातून होते. ते तांबं वाहून नेणारं प्रथिन, या आजारात बहुधा कमी असतं. दुसरी तपासणी चोवीस तासांच्या लघवीतल्या तांब्याची. लॅबने पाच लिटरचा कॅन दिला होता, एक थेंबही वाया घालवायचा नाही म्हणून बजावलं होतं. तो मोरीत ठेवला. संध्याकाळी बघते तर आत्यांनी रिकामा करून, राखेने घासून, उन्हात पालथा घातलेला. “घान ठिवत्यात व्हय घरात,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

पेनिसिलामाइन सुरू झालं. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. पहिले काही आठवडे प्राजक्ताची थरथर वाढली. तसं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी औषध बंद केलं नाही. तुम्हीही स्वतःच्या मनाने करू नका.

औषध लिहून दिलं त्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, “नात्यातलं लग्न का? आणखी मुलं?” धाकटी श्रुती, अकरा वर्षांची, कबड्डीत मुलांना लोळवणारी. “तिची आजच तपासणी करा,” ते म्हणाले. “सख्ख्या भावंडांत चारात एकाला असू शकतं. आता सापडलं आणि औषध नीट चालू राहिलं, तर ती बहुधा कधी आजारी पडणारच नाही. वाट बघितलीत, तर हिच्यासारखी होईल.”

इतकं स्वच्छ कुणी सांगितल्यावर आई दुसऱ्या दिवशी जाईल ना? मी तीन आठवडे गेले नाही. श्रुती जन्मली तेव्हाच कडेगावच्या नणंदेच्या मुलाला तिला द्यायची असा शब्द झाला होता. “एकीचं कळलं तेवढं बास झालं. आता धाकटीला बी डाग लावतीस व्हय?” आत्या म्हणाल्या. यजमान फॅनकडे बघत बसले. पाहुण्यांना आम्ही प्राजक्ताला अल्सर झालाय म्हणून सांगत होतो, आणि ते सांगण्यात मीच सगळ्यांत पटाईत झाले होते. चौथ्या आठवड्यात श्रुतीचा हात धुताना थरथरल्यासारखा वाटला. पाणी गार होतं, बाकी काही नव्हतं. पण मी तिला घेऊन एसटीत बसले.

रिपोर्ट आणायला आत्याही आल्या. मी बाकावर बसून कागद वाचला. श्रुतीलाही होतं. लिव्हरवर अजून परिणाम नव्हता.

आत्या रडल्या नाहीत. “किसनाला बी आसंच झालं हुतं,” म्हणाल्या.

किसन म्हणजे माझे थोरले दीर, चौदाव्या वर्षी साप चावून गेलेले. निदान घरात सगळे तसं सांगत.

“साप न्हवता ग वैशे. हात थरथरायचं, लाळ गळायची, पिवळा पडला. भूत लागलं म्हनून बांधून ठिवला हुता त्याला आमी.”

“तुम्हाला कधी कळलं, की प्राजूला तेच आहे?”

“उशी वल्ली बघितली त्या दिशी.”

“मग बोलला का नाही?”

“बोलले आस्ते तर पोरीस्नी कोन करून घेतलं आस्तं?”

मी उठून लांबच्या बाकावर जाऊन बसले. त्यांच्या लुगड्याचा स्पर्शही मला नको होता. ओली उशी बघितल्यापासून त्यांना माहीत होतं, आणि तरी नाकात रस, अनशापोटी पाणी. मग माझेच तीन आठवडे आठवले. त्यांना बोलायला मला तरी कुठे तोंड होतं?

आज प्राजक्ता सावकाश लिहिते, पण ओळ सरळ जाते. श्रुती झिंकच्या गोळ्या घेते, त्या आतड्यात तांबं शोषू देत नाहीत. तिची कबड्डी चालू आहे. दोघींना औषध जन्मभर. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. आत्यांवरचा राग गेलेला नाही, आणि तो गेला असं खोटं लिहिणार नाही.

नात्यातल्या मुलांचंही रक्त तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. कडेगावला फोन लावायला मी मोबाईल उचलला, तर आत्यांनी हात पुढे केला. नणंदेला म्हणाल्या, “तुझ्या पोराचं रगत तपासून घी. प्राजूला हाय, श्रुतीला हाय. तुझ्या किसनदादाला बी हेच हुतं.”

फोन स्पीकरवर होता. पलीकडून नणंदेचा आवाज आला.

“दादाला तर साप चावला हुता की, आई.”

“न्हाई, बाळे,” आत्या म्हणाल्या. “मी खोटं सांगितलं.”