शिरसाटकाकूंचा वॉटर पंप

शिरसाटकाकूंना काही सांगितलं, की त्या ते आधी आपल्यालाच परत ऐकवायच्या. "काकू, उद्या पाणी येणार नाही, टाकी साफ करतायत," असं म्हटलं की काकू म्हणणार, "उद्या पाणी नाही. टाकी. कधीपर्यंत?" नोकरीभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, तिथली ही सवय. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत नव्याने आलेल्यांना ती उद्धटपणाची वाटे. मलाही वाटली होती. पुढे लक्षात आलं, की आपलं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस मजल्यावर हे एकच आहे.

त्या माझ्या शेजारी राहायच्या. घरात त्या आणि काका. मुलगी संध्या नाशिकला दिलेली. काकांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या आणि दिवसाआड डायलिसिससाठी कल्याणला जावं लागे. गुडघे वाकत नसल्यामुळे त्यांना रिक्षात बसता येत नसे. त्यांची जुनी गाडी होती, पण ती चालवणं त्यांना जमेना, तेव्हा काकू निवृत्तीनंतर ड्रायव्हिंग शिकल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, चेहरा एक्स्चेंजवर बसल्यासारखा. सोसायटीतले पुरुष गेटवर उभे राहून गाडी मागे घेण्याच्या सूचना करत. काकू त्या सगळ्या त्यांना परत ऐकवत आणि आपल्याला हवी तशी गाडी मागे घेत.

एकदा कल्याणहून परतताना बॉनेटमधून वाफ आली. काकूंनी गाडी जागीच बंद केली आणि मला फोन केला. "मंदार, काटा लाल झालाय. मी पुढे नेणार नाही. तू ये." मी गेलो, गाडी ओढत पाटलांच्या गॅरेजला नेली. पाटील तिथल्याच गावातले. शेती इमारतींखाली गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर त्यांनी गॅरेज टाकलं होतं. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, "काकू, वॉटर पंप गेला. इंजिनात पाणी फिरवतो ना, तो. नवीन टाकाया लागंल."

एवढंच असतं तर गोष्ट दुपारपर्यंत संपली असती. पण ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं होतं. पाटलांनी बाजारातून गाडीच्या सालाप्रमाणे पंप आणवला, तर बोल्टची भोकं जुळेनात. ते म्हणाले, "एक भोक वाढवून घेतो, चालंल."

"चालेल नको," काकू म्हणाल्या. "बसेल तो हवा."

तोवर काकांना भाड्याच्या गाडीने नेणं भाग होतं. दुसऱ्याच खेपेला परतीच्या वाटेवर त्यांना उलटी झाली आणि ड्रायव्हरने दोघांना भर उन्हात उतरवून दिलं. त्यानंतर काका जायलाच तयार होईनात. "एखादं डायलिसिस चुकलं तर काही होत नाही," असं भिंतीकडे तोंड करून म्हणाले. ते चुकलंच. दुसऱ्या दिवशी पाय सुजले, धाप लागली, आणि अँब्युलन्स बोलवावी लागली. हॉस्पिटलातून घरी आल्यावर काकूंनी जुना पंप वर्तमानपत्रात गुंडाळला, पिशवीत टाकला आणि माझं दार वाजवलं. "स्कूटर काढ."

आम्ही ठाण्याला गेलो, कल्याणला गेलो, शेवटी विठ्ठलवाडीला पार्टच्या दुकानांच्या रांगेत शिरलो. प्रत्येक दुकानात तेच. गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं की तोच पंप काउंटरवर येई, जो पाटलांकडे बसला नव्हता. काकू शेजारी आपला जुना ठेवत. "मॅडम, आपका पुरानावालाही गलत है," एकाने सांगितलं. "किसीने गलत डाला है."

"गलत डाला है," काकू म्हणाल्या. "इतके साल गाडी गलत पंप पे चली?"

त्याने आपला पंप खोक्यात परत घातला. रांगेच्या टोकाला एका म्हाताऱ्या दुकानदाराने मात्र दोन्ही पंप हातात घेऊन पाहिले आणि विचारलं, "इंजन बदली किया है क्या?"

"नाही," काकू ताबडतोब म्हणाल्या. त्याचं बोलणं परत ऐकवायला विसरल्या. "आमच्या घरात असं काही मला न सांगता होत नाही."

घरी आलो तेव्हा काका टीव्ही बघत होते. काकूंनी चप्पल काढता काढता सहज सांगितलं, "तो विचारत होता, इंजिन बदललंय का." काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"तू संध्याच्या बाळंतपणाला गेली होतीस," ते म्हणाले. "मी गाडी घेऊन गावी गेलो. घाटाआधी काटा लाल झाला. म्हटलं, पुढच्या गावापर्यंत जाईल. इंजिन जाम झालं. चिपळूणला एक जुनं मिळालं, आधीच्या मॉडेलचं. ते टाकून घेतलं."

"एकटे गेलात. काटा लाल झाला. थांबला नाहीत. इंजिन बदललंत."

"हो."

"मला का नाही सांगितलं?"

"तू निघताना सांगितलं होतंस, एकटे कुठे जाऊ नका."

काकू आत गेल्या. आता भांड्यांचा आवाज येणार असं धरून मी उठलो, तर त्या चहा घेऊन आल्या. निघताना दारापाशी मला हळूच म्हणाल्या, "मंदार, मला वाटत होतं, ह्यांचं सगळं मला ठाऊक आहे. दोन वर्षं आम्ही औषधांशिवाय काही बोललो नाही. बघ, काहीतरी कळायचं उरलं होतं." चेहऱ्यावर राग नव्हता. बरं वाटल्यासारखंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या म्हाताऱ्याकडे जाऊन आधीच्या मॉडेलचा पंप मागितला. त्याने पोटमाळ्यावरून धुळीने भरलेला खोका काढला. काकूंनी नवा पंप जुन्यावर ठेवला, एकेका भोकात बोट घालून पाहिलं, पुली फिरवली. "बसेल," म्हणाल्या. पाटलांनी तो बसवला आणि कल्याणच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. संध्याकाळी भिंतीपलीकडून दोघांच्या बोलण्याचा आवाज येऊ लागला. पूर्वी फक्त टीव्ही ऐकू यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. सकाळी दूध तापत ठेवलं आणि ओट्यापाशीच कोसळल्या. ज्यांच्या जाण्याची सगळ्यांनी मनाशी तयारी केली होती, ते काका मागे राहिले. संध्याकडे नाशिकला डायलिसिसची सोय होईपर्यंत त्यांना कल्याणला मी नेत होतो, त्याच गाडीतून. ते काही बोलत नसत, मीही विचारत नसे.

शेवटच्या खेपेला पत्रीपुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. काका आपणहून बोलले.

"त्या इंजिनाचं कळल्यापासून ती गाडीत बसली की विचारायची, आणखी काय लपवलंत. सांगण्यासारखं काही नव्हतंच रे. मग मी रचून सांगायला लागलो. ऑफिसातली भांडणं, हरवलेली अंगठी, काय काय."

"काकूंना कळलं नाही?"

"कळत असणारच," काका म्हणाले. "पण पुढच्या खेपेला, मागे कुठवर आलो होतो, ते तीच सांगायची."