सूचीत आमचीच नावं नाहीत

मंडळी, आज दुपारपासून मी कॉम्प्युटरपुढे हताश बसले आहे.

इथे इंग्लंडात लेस्टरला सुरुवातीला आलेल्या मराठी कुटुंबांच्या आठवणींचं पुस्तक आमचं मंडळ काढतंय. सगळा मजकूर मी साध्या टेक्स्ट फाइल्समध्ये टाइप केला आणि शेवटी कोणतं नाव कोणत्या पानावर आहे त्याची सूची यावी म्हणून प्रत्येक नावाला खूण केली. कमांड दिली की छापायची पीडीएफ तयार होते. पुस्तक नीट आलं, सूचीचं पान मात्र कोरं.

तीन तास इंटरनेटवरचे फोरम वाचले. कुणी म्हणतं कमांड दोनदा चालवा, कुणी म्हणतं जुन्या फाइल्स उडवा. सगळं केलं. शेवटी सूची आली, पण त्यात इंग्रजीत टाइप केलेली नावंच दिसतात, म्हणजे घरमालक, फोरमन, शाळेच्या हेडमिस्ट्रेस. आपल्या लोकांच्या देवनागरीतल्या नावांच्या जागा रिकाम्या, पुढे नुसते पान नंबर.

तेवढ्यात मंडळातले जोशीकाका आले. वय चौऱ्याऐंशी. आमच्याकडे असं पुस्तक सगळे मागूनच उघडतात, आपलं नाव शोधायला. त्यांनी विचारलं, "आमची सुमन कुठे आहे गं?" काकूंना जाऊन दोन वर्षं झाली.

पान नंबरांवरून ओळखून मी स्क्रीनवरच्या एका रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे आहेत काका. पान चौदा, एकोणचाळीस, बावन्न."

त्यांनी चष्मा पुसला आणि परत पाहिलं. म्हणाले, "मला दिसत नाहीये, पण तू म्हणतेस तर असेल."

उद्या सकाळी फाइल प्रेसला द्यायची आहे. सूचीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसावीत; तो कुठे बदलतात, कुणी सांगेल का?