पणजोबा काढून मिळतील

ट्रंकेतले पोशाख कसरीनं खाल्ले, पण त्यांचे किस्से शाबूत राहिले बघा. एक ओढला की नाड्यांत गुंतलेला दुसरा आपोआप बाहेर येतो!

लोणावळ्याच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ होता. साठ सालानंतरची गोष्ट. कॅमेरा आमच्या ह्यांचा, पोशाख माझे. मे महिन्यात हवा खायला आलेली मंडळी राजा-राणी होऊन फोटो काढायची. एकच अंगरखा जाड्याला आणि बारक्यालाही बसावा म्हणून मी तो पाठीत उघडाच शिवला होता. नाड्या बांधल्या की झालं. पुढून राजे, मागून बनियन!

*

दादरचे भाऊसाहेब दर सुट्टीत बायको-लेकीला घेऊन यायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मावशी, फोटो असा काढा की बघणाऱ्याला आमचे पणजोबा वाटले पाहिजेत. लेकीला स्थळं बघतोय. घराणं दिसायला हवं!"

"पन तोंड तर तुमचंच दिसनार की!"

"सांगेन, मी त्यांच्यावर गेलोय!"

मिशा चिकटवल्या, फेटा बांधला, हातात लाकडी तलवार दिली. ह्यांनी फोटो चहाच्या पाण्यात बुडवून छान पिवळाही केला. सगळं झकास. फक्त पणजोबांच्या मनगटावर घड्याळ!

*

पुढच्या वर्षी मी घड्याळ काढून घेतलं आणि चष्मासुद्धा. आता भाऊसाहेबांना कॅमेराच दिसेना. ते आपले खुंटीवरच्या कोटाकडं रुबाबात बघत बसले.

"इकडं बघा, भाऊसाहेब!"

"तिकडंच बघतोय की!"

शेजारी राणी होऊन बसलेल्या माई, म्हणजे त्यांची बायको, शांतपणे म्हणाल्या, "काढा तसाच. लग्न झाल्यापासनं मी बोलायला लागले की असंच बघतात."

*

एकदा मिशीचा डिंक वाळेपर्यंत भाऊसाहेब पोशाखातच बाहेर जाऊन उभे राहिले. जवळच्या भुशी गावची एक म्हातारी करवंदं विकायला आलेली. तिनं पाटी खाली ठेवून हात जोडले.

"राजं आलं गं बया!"

भाऊसाहेब खूश! मान डोलावून, तलवार सावरून दिमाखात वळले. म्हातारीला पाठ दिसली, बनियन दिसलं आणि बनियनाची भोकंही.

"अगं बाई! राजं, खजिना लय आटला जनू!"

*

मग एका वर्षी ऐन फोटोच्या वेळी भाऊसाहेब शिंकले. मिशी उडाली ती थेट माईंच्या पदरावर.

आमचे हे आतून फोटो धुऊन आले आणि म्हणाले, "बेस्ट आलाय! फकस्त पणजीच्या पदरावर झुरळ बसलंय."

*

त्यानंतरच्या मे महिन्यात मात्र भाऊसाहेब हवालदिल होऊन आले. लेकीचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडची मंडळी बोलणी करायला घरी यायची होती.

"मावशी, भिंतीवर पणजोबा आहेत असं सांगून बसलोय. यंदा चुकलं तर स्थळ गेलं!"

मी जीव ओतून नटवलं. घड्याळ नाही, चष्मा नाही, मिशी दोऱ्यानं कानामागं बांधलेली. ह्यांनी बरोबर कॅमेऱ्यापाशी पेटती उदबत्ती धरली, "हिच्यावर नजर ठेवा!" श्वास रोखला, "रेडी!"

जमलं! पहिल्यांदाच जमलं!

तेवढ्यात दार ढकलून तळेगावचे एक तात्या आत आले. आमचं जुनंच गिऱ्हाईक. काखेत कागदात गुंडाळलेली फ्रेम.

"मावशी, आमच्या पणजोबांना वाळवी लागली. दुसरे काढून द्या. पोशाख तोच, खुर्ची तीच—"

बोलता बोलता त्यांचं लक्ष खुर्चीकडं गेलं. आवाज ओळखून खुर्चीतले महाराज पांढरेफटक!

"व्याही... तुम्ही?" तात्या ओरडले.

तात्यांच्या काखेतली फ्रेम निसटली, कागद फाटला. तोच फेटा, तीच तलवार, मागं पडद्यावरचा तोच राजवाडा! भाऊसाहेबांनी घाईघाईनं चष्मा चढवला. दोघंही एकमेकांच्या पणजोबांकडं बघत राहिले.

माईंनी पदर सावरला.

"अगंबाई! पणजोबा एकच, म्हणजे आपण भाऊबंद निघालो की! आता लग्न कसं लावायचं?"