लॅपटॉपवरचा नारळ

लॅपटॉप माझा नव्हता, ऑफिसचा होता. बाळंतपणाची रजा संपल्यावर साहेबांनी कुरकुरत मान्य केलं की मी पनवेलला घरी बसून प्रोग्राम लिहायचे आणि दर सोमवारी मुंबईला येऊन दाखवायचे. ‘यंत्राला काही झालं तर ही चैन बंद,’ असं बजावलंही. चैन! मांडीवर सहा महिन्यांची मुलगी आणि पुढ्यात दोन हजार साल उजाडताच गडबडणारे हिशेबाचे प्रोग्राम, ही म्हणे चैन. पण ती बंद झाली असती तर नोकरीच सोडावी लागली असती, कारण मुलीला रोज दिवसभर सांभाळायला घरात कोणी तयार नव्हतं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असे. सासऱ्यांचे पाने-पक्कड, सासूबाईंची विळी, नवऱ्याची स्कूटर. त्या वर्षी पाटावर लॅपटॉपही आला. मी सासऱ्यांना आधीच म्हटलं होतं, “बाबा, पाणी शिंपडू नका हं.” पाणी नाहीच शिंपडलं त्यांनी. मी मुलीला आंघोळ घालत असताना बंद झाकणावर हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि वर नारळ. त्या गुळगुळीत झाकणावर नारळ राहतोय कसला? तो डुगडुगायला लागला, तेव्हा बाबांनी खाली मूठभर तांदूळ घालून तो दोन्ही हातांनी दाबून बसवला. हे त्यांनीच मला कौतुकानं सांगितलं.

पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप चालू केला. आतून घरघर ऐकू आली, पण पडदा काळाच. खिडकीशी तिरका धरला तर अक्षरं अंधुक दिसत होती. म्हणजे काम शाबूत होतं, फक्त मागचा उजेड गेला होता.

“मुलीनं हात मारला असेल,” सासूबाई म्हणाल्या. जिला अजून धड बसता येत नव्हतं तिनं! बाबा पेपरात तोंड घालून बसले. नवरा हळूच म्हणाला, “ऑफिसात सांग ना, तुझ्या हातून पडला. नारळाचं सांगितलंस तर सगळे हसतील आपल्याला.”

हसू सगळ्यांचं, नोकरी मात्र माझी. त्या क्षणी मला तिघांचाही संताप आला, आणि सगळ्यात जास्त नवऱ्याचा.

मी मुलीला कडेवर घेतलं, लॅपटॉप पिशवीत घातला आणि जुन्या पनवेलात टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. कॉम्प्युटरही उघडतो असं ऐकलं होतं. बाबा सोबत आले, बायकांना दुकानदार फसवतात म्हणून. त्यानं चौकट काढली, बॅटरीचा झोत टाकला आणि पडद्याच्या खालच्या कडेची, मागून उजेड देणारी काचेची बारीक नळी दाखवली. उदबत्तीहूनही बारीक. मधोमध तडकलेली.

“ताई, वरनं दाब पडलाय याच्यावर. मुंबईस्नं नळी मागवतो, पन दोन-तीन दिस लागतील. आमी असली नळी आधी बसवलीय, घाबरू नका.”

“आमची सून जरा धसमुसळी आहे,” बाबा हसत त्याला म्हणाले.

चोराच्या उलट्या बोंबा! “बाबा, नारळ कोणी दाबून बसवला ते सांगा ना त्यांना,” मी म्हणाले. माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक डोकावलं. दुकानदारानं खाली मान घालून स्क्रू गोळा केले.

रविवारी दुपारी नळी बसली. पडदा आधी गुलाबीसर झाला, मग स्वच्छ पांढरा. मला रडू आलं. घरी आले तर बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, “दसऱ्याला पूजा केली होती ना, म्हणून वाचला. नाहीतर कामातूनच गेला होता.”

मी आत गेले. तो नारळ सासूबाईंनी कोजागिरीला फोडायचा म्हणून देव्हाऱ्यात ठेवला होता. मी तो उचलला, मोरीच्या कट्ट्यावर आपटून फोडला, खवला आणि मिरच्या-कोथिंबीर घालून चटणी वाटली.

बाबांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. “फक्कड झालीय. नारळ कुठला गं?”

“लॅपटॉपवर दाबून बसवलेला.”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाई देव्हाऱ्याकडे बघायला लागल्या. बाबांनी चटणी बोटानं ताटाच्या कडेला सारली. मी माझी सगळी खाल्ली आणि सोमवारी साहेबांना काम दाखवून आले. त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

पुढच्या दसऱ्याला पाटावर विळी आणि पक्कड यांच्या मध्ये लॅपटॉपपुरती जागा सोडलेली होती. मी आतल्या खोलीत दार लावून काम करत होते. कोणी दार वाजवलं नाही.