पाचटाची राख आणि खाडीचा चिखल

कोकणातल्या खाड्यांच्या चिखलात किती कार्बन साठलाय, याचे नकाशे मी उपग्रहाच्या चित्रांवरून करते. आणि करते कोल्हारात, आमच्या ओट्यावर बसून, कारण घरात रेंज नाही. समुद्र इथून कुठल्याच दिशेला जवळ नाही. खाडीत मी कधी उतरलेही नव्हते. तिथली माती आधीच्या लोकांनी उकरली, आकडे मला मेलवर आले.

घरात माझं एकच मागणं होतं. ऊस तुटला की अण्णांनी रानातलं पाचट पेटवू नये. वाळला पाला कुजू दिला तर मातीचं पोट भरतं, जाळला तर धूर होतो. मी दरवर्षी वडिलांना हे सांगायची. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि काडी लावायचे.

शेवटी वैतागून मी खाडीवरचीच पद्धत आमच्या शिवारावर चालवली. म्हटलं, वरून दिसलं म्हणजे तरी पटेल. नकाशा आला. सगळ्या शिवारात कार्बननं सर्वात श्रीमंत रान आमचं निघालं.

अण्णांनी त्याची रंगीत प्रिंट लॅमिनेट करून आणली. बातमी स्टँडवरच्या टपरीपर्यंत गेली. दोघांनी मला येऊन विचारलं, पाचट नेमकं कधी पेटवायचं.

चूक कळायला मला दोन दिवस लागले. खाडीत चिखल जितका काळा तितका कार्बन जास्त, एवढंच त्या पद्धतीला ठाऊक. आमचं रान काळं होतं ते राखेनं.

गप्प बसले असते तर अण्णांनी जन्मभर पाचट जाळलं असतं. सांगितलं तर माझा पुढचा एकही नकाशा ते मानणार नव्हते. मला लाज वाटत होती. जेवताना सांगून टाकलं.

अण्णांनी हातातला घास संपवला.

"मंग खाडीचं तरी खरं कशावरून? तू उकरून बघितलंस का?"

नाही, मी म्हणाले.

"आपला नदीकडचा ऊस अजून उभा हाय, आठवड्यात तुटंल. तू उकरून ये. तवर मी काडी लावत न्हाई."

पाचटापायी मी पहिल्यांदा खाडीत गुडघाभर उतरले. माझ्या नकाशातल्या सर्वात गडद, म्हणजे सर्वात जास्त कार्बनच्या जागी वीतभर काळा थर होता, खाली नुसती वाळू. तिथूनच अण्णांना फोन लावला आणि होतं तसं सांगितलं.

अण्णा म्हणाले, "हिकडं ऊस तुटला. पाचट तसंच ठिवलंय. आता हितलं बी उकरायला ये."