सिगारच्या पेटीतले टाळ

ताईचा फोन सकाळी आला. "ये गं जरा, हे चहाला उठत नाहीयेत," एवढंच म्हणाली. राजेंद्र नगरात तिचं घर माझ्या मागच्याच गल्लीत. मी हातातली कणीक तशीच टाकून धावले. भाऊजी झोपेतच गेले होते... कोणाला काही न सांगता. नाहीतर हा माणूस पोहे-जलेबी आणायला निघाला तरी अख्ख्या कॉलनीला कळायचं. मला तर आधी त्यांचा रागच आला.

भाऊजी पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फोरमन होते. मशीनच्या आवाजावर बोलून बोलून आवाज खणखणीत झालेला आणि दम असा की विचारू नका. आमच्या कॉलनीच्या गणपतीत शेवटच्या आरतीला एक ओळ असते, ती एका श्वासात ओढत न्यायची. एकेकाचा दम सुटत जातो आणि शेवटी एकच आवाज उरतो. वर्षानुवर्षं तो आवाज भाऊजींचा. ऐन गर्दीत ताई पदर सावरत इकडेतिकडे बघायची, जणू ओळ तिनेच धरली आहे.

सिगरेट त्यांना कारखान्यातच लागली. रिटायर झाले आणि एका झटक्यात सोडली. ताईने पेढे वाटले. पण पेढ्यांचा डबा रिकामा होतो न होतो तोच घरात सिगार आले, आणि तेही तीन जातींचे! मोठा सिगार म्हणजे सण. पुतण्या परदेशातून लाकडी पेटी आणायचा, त्यातला एक दिवाळीला नाहीतर घरात काही चांगलं घडलं तर. खुर्ची गच्चीत, पाय कठड्यावर आणि तासभर साहेबाचा थाट. धूर तोंडात घोळवून सोडून द्यायचा. दुसरा चिरूट, म्हणजे दक्षिणेकडचा जाडा देशी सिगार; कारखान्यातले जुने दक्षिणी सोबती भेटायला आले की त्यांच्याबरोबर. आणि तिसरे ते छोटे, फिल्टरवाले, पत्र्याच्या डबीतले. व्हॅनिलाचा वास यायचा त्यांना. ते मात्र चहानंतर, पेपरसोबत, भाजी आणायला जाताना, भाजी आणल्यावर...

"भाऊजी, ही सिगरेटच झाली की," मी म्हणायचे.

"अगं, सिगरेट तर कब की छोडली मी! हा सिगार आहे. याचा धूर आत घेतच नाहीत."

न घ्यायला काय झालं! मोठ्याचा धूर नसतील घेत, छोट्याचा सर्रास आत ओढायचे. इतक्या वर्षांची सवय छातीला, तिला काय कळणार वरचं वेष्टण कागदाचं की तंबाखूच्या तपकिरी पानाचं. पण माणूस खोटं बोलत नव्हता, हेच तर दुखणं. त्यांना खरंच वाटायचं की आपण सुटलो. ताईलाही वाटायचं.

मग जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. "सिगरेट पीते हैं?" डॉक्टरांनी विचारलं. "नहीं जी," भाऊजी छाती काढून म्हणाले. मी ताईच्या पर्समध्ये ठेवलेली त्यांची छोट्या सिगारची डबी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उघडून पाहिली आणि हसले. "काकाजी, ये सिगरेट ही है। बस, भूरी कमीज़ पहन ली है।" छोटे, मोठे, चिरूट, सगळं बंद करायला सांगितलं. फुप्फुसं बरीच कामातून गेली होती.

भाऊजी परतताना रिक्षात म्हणाले, "गणपतीत ओळ धरता येईल ना गं?" जिवाची नाही, ओळीची काळजी! त्याच दिवशी सगळं सोडलं, आणि या वेळी खरोखर. मोठ्या सिगारची लाकडी पेटी रिकामी केली, तिच्यात आपले आरतीचे टाळ ठेवले आणि पेटी देवघरात नेली. ताईने ती तशीच उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली. "देवाच्या वस्तू असल्या घाणेरड्या पेटीत? शोभतं का?" त्यानंतर भाऊजी रोज संध्याकाळी बाल्कनीत उभं राहून ओळ धरायचे. खोकला यायचा, थांबायचे, परत धरायचे.

गेल्या वर्षी आरतीत ती ओळ आली. मी निखिलच्या शेजारी होते. मंडळाचा कार्यकर्ता, तगडा गडी, जिमला जाणारा. त्याने भाऊजींच्या मानेच्या ताणलेल्या शिरा पाहिल्या आणि हळूच ओळ सोडली. बाकीच्यांना डोळ्यांनी खुणावलं. एकेक आवाज थांबत गेला... शेवटी भाऊजींचाच उरला, आखूड, कापरा, पण शेवटचा. ताईच्या डोळ्यांत पाणी. "बघा, सगळं सोडलं म्हणून जमलं!" ती घरी जाताना म्हणाली. ती पुढे गेल्यावर भाऊजी माझ्या कानाशी आले. "पोरांचा दम कमी झालाय हल्ली, नाही?" आणि डोळा मारला. दुसऱ्या दिवशी मंडपात भाऊजींकडून पोरांसाठी गरम कचोऱ्यांचा पुडा गेला. कशाबद्दल, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

यंदा ताईकडे गणपती बसला नाही. मंडपातही ती गेली नाही, म्हणून मीही तिच्याजवळ बसले. भोंग्यावरून आरती ऐकू येत होती. ती ओळ आली आणि निखिलने धरली. लांबत गेली, लांबतच गेली. ताईने माझ्याकडे पाहिलं.

"याचा दम तर केवढा आहे गं. मग गेल्या वर्षी..." ती थांबली. "ह्यांना कळलं होतं का?"

"कळलं होतं," मी म्हटलं.

"तरीच कचोऱ्या!" ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मग उठून बाल्कनीत गेली, पेटी घेऊन आली. पदराने पुसली आणि उघडली. लाकडाचा आणि तंबाखूचा वास घरभर झाला. तिने ती टाळांसकट देवघरात, समईशेजारी ठेवली.

"अगं, देवाला वास येईल," मी म्हटलं.

"येऊ दे. इतकी वर्षं ते आरतीला समोर उभे राहायचे, तेव्हा येतच होता की."